साळवेकाकांचे पाच रकाने

आमच्या इमारतीच्या लिफ्टला गेल्या वर्षी एक पत्र आलं. पोस्टानं आलेलं नव्हतं. आतल्या आरशाशेजारी चिकटपट्टीनं लावलेलं होतं. वर लिहिलं होतं, 'इमारत क्रमांक सहाच्या लिफ्टीस.' खाली मजकूर असा:

'तुझं काम मी बघतोय. गॅसची सिलिंडरं, दळणाचे डबे आणि शिंदेआजींची खुर्ची तू नऊ वर्षं निमूटपणे वाहिलीस. पण एक गोष्ट आहे. तुझा दिवा लागतो, पंखा फिरतो, त्यामुळे तू चालू आहेस असा लोकांचा समज होतो. प्रत्यक्षात तू बंद आहेस. जागी हो. न झालीस तर तुझ्या जागी दुसरी बसवण्याचा ठराव मी स्वतः मांडीन. झालीस तर दसऱ्याला तुला हार घालीन. हार माझा, पूजा पवार करतील. आपला, श. दा. साळवे.'

पवार म्हणजे मी. मला कोणी विचारलेलं नव्हतं.

चार दिवसांत चेअरमननं माणूस बोलावून लिफ्ट दुरुस्त करून घेतली. दसऱ्याच्या सकाळी साळवेकाका झेंडूचा हार घेऊन खाली आले, हार घातला आणि हात बांधून बाजूला उभे राहिले. मी उदबत्ती लावली. चाकणला कंपनीत पंचवीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं: मशीनला हार घालायचा, पूजा चालू असताना शांत उभं राहायचं, मग दोन पेढे घ्यायचे. त्या दिवशी पेढेही मलाच आणावे लागले.

संत तुकाराम नगरात आमची दारं समोरासमोर आहेत. शलमोन दानिएल साळवे ट्रकचे अ‍ॅक्सल तपासण्याच्या कामावरून निवृत्त झाले. क्वालिटी विभाग. मीही चाकणलाच, पण दुसऱ्या कंपनीत, डिस्पॅचला. म्हणजे त्यांची जमात माल अडवणारी आणि माझी जमात तो गेटबाहेर काढायची घाई असणारी. त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे जरा संशयानंच पाहत होतो.

काका ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. दर रविवारी देहूरोडच्या चर्चमध्ये जातात आणि उपासना संपली की मोठ्या माणसांचा शास्त्राभ्यास घेतात. वीस वर्षं घेताहेत. वीस वर्षांत विषय फारसा बदललेला नाही. पवित्र शास्त्राच्या अगदी शेवटच्या भागात सात पत्रं आहेत. सुरुवातीच्या काळात सात गावांत सात लहान लहान मंडळ्या होत्या. मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारी माणसं, हेही मला काकांनीच सांगितलं. त्या सात मंडळ्यांना प्रभूकडून एकेक पत्र गेलं. त्यात आधी थोडं कौतुक, मग खोट, मग इशारा आणि शेवटी, टिकून राहिलात तर काय मिळेल याचं वचन.

"जगातला पहिला ऑडिट रिपोर्ट, पवार," काका म्हणतात. "आणि ऑडिटर कसा, तर कंपनीचं जेवण न जेवणारा."

कंपनीत असताना त्यांनी या पत्रांवरून एक तक्ता बनवला. त्याला पाच रकाने: चांगलं काय, खोट काय, उपाय काय, न केल्यास काय, केल्यास काय. पाचवा रकाना साहेबांना पसंत नव्हता. माल परत पाठवताना वचन कसलं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. काका हटले नाहीत. "धाक दाखवायला काही लागत नाही," ते म्हणायचे. "वचन दिलं की आपल्याला उठून काहीतरी करावं लागतं. म्हणून लोक चौथ्या रकान्यावरच थांबतात."

निवृत्तीनंतर तपासायला अ‍ॅक्सल राहिले नाहीत, तेव्हा आमच्यावर पाळी आली.

मला पत्र आलं ते सोसायटीच्या मीटिंगनंतर. मी गाडी रोज पुसतो, हे पहिल्या रकान्यात होतं. दुसऱ्यात होतं, 'पाण्याच्या टाकीच्या विषयावर तीन मीटिंगांत मिळून तुम्ही सात वेळा "बघू" म्हणालात. लावदिकीया नावाची मंडळी होती. ती गरमही नव्हती आणि गारही नव्हती. तिचं काय झालं ते भेटल्यावर सांगेन.' मी आठ दिवस जिन्यानं ये-जा केली. तरी त्यांनी गाठलंच आणि सांगितलं: कोमट निघाली म्हणून प्रभू तिला तोंडातून थुंकून टाकणार होता. पुढच्या मीटिंगला मी टाकीच्या बाजूनं हात वर केला. माझ्या पाचव्या रकान्यात 'माझ्याकडून दर शनिवारी मटणाचा एक डबा' असं होतं. मार्थाकाकूंच्या हातचं मटण मिळत असेल तर मी कुठल्याही बाजूनं हात वर करायला तयार आहे.

गॅरेजवाल्या इक्बालभाईंना इफिसचं पत्र गेलं. इफिसच्या मंडळीची खोट अशी, की कामात कुठे कमी नाही, पण सुरुवातीला जे प्रेम होतं ते सुटलं. 'पूर्वी तुम्ही नट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहायचा,' असं काकांनी लिहिलं. 'आता पाहत नाही.' इक्बालभाईंनी ते पत्र टायरच्या जाहिरातीशेजारी काचेत लावलं. "पवारभाऊ, खोट तर घरातले पण काढतात," ते मला म्हणाले. "वचन कोण देतंय राव?" वचन होतं, की जन्मात दुसऱ्याच्या हाती स्कूटर देणार नाही. पुढे गॅरेज चिखलीला गेलं. काका आजही स्कूटर तिकडेच नेतात, आणि येताना दोन रिक्षा बदलून येतात.

मी एकदा काकूंना विचारलं, तुम्हाला कधी पत्र आलं का? "चार आलीत," काकू म्हणाल्या. "कागद चांगला असतो. शंकरपाळ्यांच्या डब्यात खाली घालते. तेल ओढून घेतो."

काकू दर बुधवारी भाजी आणायला जातात आणि पाच तासांनी कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत येतात. यावर काकांनी कधी खोट काढलेली नाही. त्या चऱ्होलीला आपल्या मुलीकडे, रूथकडे जातात, हे आख्ख्या इमारतीला माहीत आहे. रूथ नवऱ्याचं घर सोडून निघाली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं नाही. कारणही इमारतीला माहीत आहे: काकांनी तिला पत्र लिहिलं होतं. पत्रात काय होतं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी काका डझनभर चिकू आणून ओट्यावर ठेवतात. काकांना साखरेचा त्रास आहे आणि काकूंना चिकू आवडत नाहीत. बुधवारी चिकू ओट्यावरून जातात. या विषयावर त्या घरात आजवर एक शब्द झालेला नाही. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, आणि त्यानंतर बरेच दिवस मला काकांची थट्टा करवत नव्हती.

मागच्या महिन्यात स्कूटर चिखलीला होती, म्हणून रविवारी मी काकांना माझ्या गाडीतून देहूरोडला नेलं. काकूंचे गुडघे दुखत होते, त्या घरीच राहिल्या. बाहेर ऊन फार होतं, तेव्हा मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो.

काकांनी फळ्यावर सात मंडळ्यांची नावं आणि पाच रकाने आखले. भरत भरत गेले. खोटेच्या रकान्यात दोन जागा मोकळ्या राहिल्या: स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. सातांपैकी या दोघींना एकही बोल लावलेला नाही. पंचवीस वर्षांत एकही बिनखोटेचा रिपोर्ट सही न केलेल्या माणसाला त्या दोन मोकळ्या जागा डाचत असणार. "या ठिकाणी खोट का नोंदवलेली नाही," काका म्हणाले, "याचा अभ्यास चालू आहे." वर्गातली माणसं माना डोलावत होती. गेली वीस वर्षं अभ्यास चालूच असावा.

पुढच्या बाकावर सुगंधाबाई बसल्या होत्या. मावळातल्या, आयुष्यभर दवाखान्यात आयाचं काम केलेल्या. त्या बसूनच बोलल्या. "त्यात कसला आभ्यास करायचा, सर? स्मुर्णाची मानसं आधीच मार खात व्हती. तुरुंगात जायची पाळी आली व्हती. मार खानाऱ्याची कुनी खोट काढतंय व्हय? त्याला म्हनायचं, भिऊ नगं, मी हाय."

काका खडू हातात धरून फळ्याकडे पाहत राहिले. मग वर्ग संपल्याचं त्यांनी सांगितलं. अजून पंधरा मिनिटं बाकी होती.

काकांना घेऊन मी घराकडे निघालो. निगडीच्या चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा म्हणाले, "डावीकडे घ्या."

"घर सरळ आहे, काका."

"चऱ्होलीला घ्या."

मोशी जवळ आली. मग त्यांनी समोरच्या काचेकडे पाहतच सांगितलं.

"रूथ घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली, तेव्हा मी तिला पत्र लिहिलं. इफिसचं. पहिलं प्रेम सोडलंस, परत जा, असं. पाचव्या रकान्यात लिहिलं, परत गेलीस तर आपलं घर तुला उघडं आहे."

"आणि चौथ्यात?"

"न गेलीस तर बंद."

मी गाडीचा वेग कमी केला.

"नवरा मारायचा तिला. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. मला वर्षभरानं मार्थानं सांगितलं. बाहेरून धडधाकट दिसणारा अ‍ॅक्सल आतून तडकलाय का, हे मी पंचवीस वर्षं तपासलं, पवार. आणि पोरीला काही न विचारता रिपोर्ट लिहून मोकळा झालो. ती स्मुर्णा होती. मी तिला इफिसचं पत्र पाठवलं."

"मग इतक्या वर्षांत गेला का नाहीत, काका?"

"पत्र लिहून घेऊन जायचं म्हणत होतो. कितीदा बसलो. दर वेळी दुसऱ्या रकान्यात काहीतरी येतंच. बापाला सांगितलं का नाहीस, असंच येतं." त्यांनी डोळे पुसले, मग चष्माही पुसला. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दयाही आली, की मोशीचं वळण चुकलं आणि पुढे जाऊन मागे यावं लागलं. एरवी त्यावर पत्र आलं असतं.

चऱ्होलीत सगळीकडे नव्या इमारती आहेत. निम्म्यांना अजून रंगही लागलेला नाही. पत्ता त्यांना पाठ होता, विंग आणि मजल्यासकट. "तुम्ही दारापर्यंत चला," ते म्हणाले. मी गेलो. बेल मीच वाजवली, कारण ते बेलसमोर नुसतेच उभे होते.

रूथनं दार उघडलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. तिनं आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि मग शर्टाच्या खिशाकडे. कागद शोधत होती, हे माझ्या जरा वेळानं लक्षात आलं.

"काही लिहून आणलेलं नाही," काका म्हणाले.

ती दार धरूनच उभी.

"मी तुला न विचारता लिहिलं," काका म्हणाले. "माझं चुकलं, रूथ. मला काहीच ठाऊक नव्हतं. तू सांगशील तर मी ऐकतो. मधे बोलणार नाही."

"सगळं?"

"सगळं."

"वेळ लागेल, पप्पा."

"मी रिटायर आहे."

तिला हसू आलं की रडू, ते मी पाहिलं नाही. मी जिन्याकडे वळलो होतो. पण मागे दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा काका बाहेर नव्हते. माझेही डोळे भरून आले होते. सात मजले उतरेपर्यंत ते ठीक झाले.

खाली गाडीत बसून मी काकूंना फोन केला आणि कुठे आहोत ते सांगितलं. काकूंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "थांबा तिथंच, घाई करू नका." मी थांबलो. वॉचमनशी गप्पा मारल्या. एक डुलकी काढली. अडीच तासांनी काकांचा फोन आला. ते हळू आवाजात बोलत होते, बहुधा गॅलरीत येऊन.

"पवार, तुम्ही घरी जा, जेवून घ्या. ती अजून लग्नाच्या पहिल्याच वर्षाचं सांगतेय."