शेवटपर्यंत उभी राहील तिला पंखा

पाळी जाण्याच्या वयात बाईच्या शरीरात काय काय उलथापालथ होते, हे माझ्याइतकं झकास समजावून सांगणारी दुसरी बाई दाखवा, मी आरोग्यशिक्षिकेची नोकरी सोडते! समोरच्या बाईचा चेहरा बघूनच मला कळतं. तिच्या घरच्यांच्या आधी, कधीकधी तिच्याही आधी!

त्या दिवशी शिवणकामाच्या कारखान्यात माझा वर्ग होता आणि मी भलतीच खुशीत होते. कारण सांगते, पण हसू नका. आमचं लग्न उशिरा झालं. मग दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाले. मग घरात तो विषयच कुणी काढेनासं झालं. आणि आता, सेहेचाळिसाव्या वर्षी, माझी पाळी चुकली होती! आमच्या ह्यांनी मला पाण्याच्या बादलीला हात लावायला बंदी केली. सासूबाईंनी कुणाला न विचारता पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलं.

"अगं, तपासून तरी घे," हे म्हणाले.

"घेऊ की! घाई काय आहे?"

जगातल्या समस्त बायकांना 'अंदाज बांधू नका, आधी तपासा' असं बजावणारी मी! पण तपासलं की उत्तर येतं. मला उत्तर नको होतं, मला ते टोपडं पुरं झालेलं हवं होतं.

तर वर्ग. कारखान्याचा जेवणाचा हॉल नुसता तापला होता. मी दोनदा ओरडून पंखे वाढवायला लावले आणि माझा ठरलेला खेळ सुरू केला. सगळ्यांनी उभं राहायचं, मी एकेक लक्षण सांगणार, ज्यांना ते नाही त्यांनी खाली बसायचं. शेवटपर्यंत उभी राहील तिला बक्षीस म्हणून घडीचा हातपंखा! लाजून गप्प बसणाऱ्या बायकासुद्धा त्या पंख्यासाठी बोलायला लागतात.

"पाळी मागेपुढे होते?"

तरुण पोरी खिदळत बसल्या.

"एकदम अंगातून वाफा निघतात? कपाळ घामाने भिजतं?"

काजं-बटणं करणारी अख्खी रांग बसली.

"मध्येच झोप उडते ती उडतेच?"

आणखी चारपाच जणी बसल्या.

"उगाचच डोळे भरून येतात? कुणी नुसतं 'जेवलीस का' विचारलं तरी?"

आता एकट्या कापड कापणाऱ्या मावशी उरल्या होत्या. "छे हो! मला रडू नाही येत, मला लाटणं फेकून मारावंसं वाटतं!" असं म्हणून त्याही बसल्या. हॉल हसून लोटपोट!

"म्हणजे कुणीच उभं नाही? पंखा परत नेऊ?"

"कुणी नाही कसं? तुम्ही आहात ना, मॅडम!" मावशी म्हणाल्या. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मावशींनी माझ्याच पिशवीतला पंखा काढून माझ्याच हातात दिला.

"अहो, मी शिकवायला उभी आहे!" मीही हसत म्हटलं. हसता हसता कपाळावरचा घाम पुसला. तेव्हा पहिल्यांदा पुढच्या रांगेकडे नीट पाहिलं. सगळ्या जणी कानाभोवती पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. त्यांना थंडी वाजत होती.

मग मी एकेक लक्षण मनाशी पुन्हा म्हटलं. एकालाही मला खाली बसता येईना.

घरी जाताना तपासणीची पट्टी घेतली. एकच रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या मला समजावून सांगायला लागल्या. मी रोज सांगते तेच, तसंच. मी शहाण्या मुलीसारखी मान हलवत होते आणि आत काहीतरी तुटत होतं. जे कधी आलंच नव्हतं, ते गेलं म्हणून रडायचं तरी कसं?

ह्यांना सांगितलं. ते उठले आणि माझ्या आधी जाऊन पाण्याची बादली उचलून ठेवली. सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या, टोपडं पदराखाली सरकवलं आणि एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

मी जे भोकाड पसरलं, ते शेजाऱ्यांनी दार वाजवेपर्यंत!

तो खेळ मी अजूनही घेते. पंखाही देते. फक्त पहिलं लक्षण सांगायच्या आधी एक खुर्ची मागून घेते आणि खाली बसते.