आबा मिस्त्रींचा विस्तव

आबा मिस्त्री बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. लोणावळ्यात आमची भिंतीला भिंत, तेव्हा साक्ष पक्की समजा. जेवणसुद्धा उभ्यानं; ताट हातात, एक घास अंगणाच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला. त्यांच्या येरझाऱ्यांनी आळीतला रस्ता हातभर खचला, असं मी म्हणतो. बायको म्हणते, वीतभरच.

ह्या भिंगरीला मुंबईच्या एका शेठनं धरणाच्या पाण्याकाठी तीन मजली इमारत बांधायला सांगितली. हवा खायला येणाऱ्यांसाठी बारा बिऱ्हाडं. आबा नकाशा चालता चालता सांगत आणि शाळेत ड्रॉइंग शिकवणारा मी तो त्यांच्यामागे पळता पळता काढी.

"मास्तर, दगूड हितलाच, काळा. आन छपराला उतार असा द्या, की पावसाला टेकायची लाज वाटली पायजे!"

इथवर ठीक. पण दारांशी गाडं अडलं. मी प्रत्येक मजल्यावर चार दारं एका ओळीत काढली. आबांनी कागद हिसकावून एका दारावर बोट ठेवलं.

"ह्या बाईची चूल इझली, तर इस्तू कुटनं आणायचा?"

"आबा, बाजारात काडेपेटी मिळते!"

"काडेपेटी बोलती व्हय?"

अकरा नकाशे फाटले. बाराव्यात सगळी दारं मधल्या चौकाकडे, एकमेकांच्या तोंडासमोर. शेठ आले, पाहिलं आणि भडकले.

"मिस्त्री, लोक मुंबईहून येतात ते एकान्तासाठी! दारं फिरवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

आबांचा चेहरा उतरला. पाय मात्र थांबले नाहीत. "चला शेठ, जागा दावतो," म्हणत त्यांनी शेठना काठाकाठानं जे पिटाळलं! पहिल्या फेरीत शेठची टोपी गेली, दुसरीत जोडा. तिसऱ्या फेरीला आबांनी पाण्याकडे बोट केलं.

"तितं आमची वाडी हुती. बारा घरं. दारं अशीच, तोंडाला तोंड. सकाळच्याला एका चुलीचा इस्तू बाराबी घरी फिरायचा. धरणाचं पाणी चढलं, आन माणसं बारा वाटांनी गेली."

शेठ धापा टाकत काठावरच थांबले. त्यांनी हात हलवला. "बांधा."

इमारत उभी राहिली. पाहुणे आले आणि त्यांनी बाराही दारं आतून लावून घेतली. आबा तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत रखवालीला राहिले.

एका सकाळी मी गेलो, तर आबा हातात खापरी घेऊन तीन नंबरच्या दाराशी.

"ताई, वाईच इस्तू देता का?"

दार उघडलं. आतली बाई हसली. "आजही विझली का चूल? शेगडी आत्ता कुठे पेटतेय. टेका घटकाभर."

आणि आबा चक्क उंबऱ्याशी बसले. बसताना त्यांच्या बंडीच्या खिशात काडेपेटी खुळखुळली.