चपलांच्या कपाटातलं रोप

मुलांना घरच्या घरी शिकवण्यात माझा हात धरणारा बाप आख्ख्या वस्तीत सापडायचा नाही! हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण अगदी खात्रीनं म्हणतो. माझं चष्म्यांचं दुकान आहे. भल्याभल्यांना जे दिसत नाही ते मी नुसती काच बदलून दाखवतो. मग पाचवीतल्या एका पोरीला चार गोष्टी दाखवायच्या म्हणजे काय डोंगर उचलायचाय?

ही पोरगी म्हणजे आमची कन्या. घरात तिला सगळे शंकासुर म्हणतात, कारण तिला कुठलीही गोष्ट एका फटक्यात पटत नाही. मी ‘दोन मिनिटांत आलो’ म्हटलं की ती घड्याळ घेऊन दारात बसते. तिच्या शाळेत यंदा ‘घरीच शिकू या’ असं एक खूळ निघालं होतं. बाई दर आठवड्याला पालकांच्या ग्रुपवर एक उपक्रम टाकायच्या आणि मुलांनी तो घरात करायचा. कधी खोलीचा नकाशा काढा, कधी बादलीत काय तरंगतं नि काय बुडतं ते बघा. (त्या आठवड्यात आमच्या टीव्हीचा रिमोट बुडाला. हे आपलं जाता जाता सांगितलं.)

हे सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं असतं हो, पण मध्ये साडू होता!

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहतो समोरच्याच इमारतीत. त्याचा मुलगा बाळराजे आमच्या शंकासुराच्याच वर्गात. आणि साडूचा फोटो स्टुडिओ! झालं, म्हणजे बोलायलाच नको. बाळराजेंनी बादलीत बटाटा बुडवला तरी त्याचा असा फोटो यायचा, की बटाट्याला कसलंसं पदक मिळालंय असं वाटावं. खाली सगळ्या आयांच्या टाळ्या, अंगठे आणि फुलं. आमच्या नकाशाचा फोटो मी काढला, तर त्यातली अर्धी बैठकीची खोली माझ्या बोटाखाली गेली.

मला साडूचा हेवा वाटतो का? छे! नुसतं पोटात दुखतं. त्याचा फोटो आला की दुखतं. नाही आला, तर आता उद्या काय टाकतोय म्हणून आणखी दुखतं.

आणि त्या आठवड्यात त्यानं रोपाचा फोटो टाकला. खिडकीत पेला, पेल्यात माती, मातीत चवळीचं हिरवंगार रोप, मागून कोवळं ऊन. खाली लिहिलेलं : ‘बाळराजेंची चवळी! लक्ष दिलं की उगवतंच.’

‘‘बघा,’’ बायको म्हणाली, ‘‘भाऊजी मुलासाठी किती वेळ काढतात!’’

बस्स! मी ताट बाजूला सारून फोन जवळ ओढला. बाईंची सूचना त्या फोटोच्या वरच होती. पण ती लांबलचक होती, आणि माझी नजर त्या रोपावरून हलायलाच तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. शंकासुर शाळेत, बायको तिच्या ऑफिसात. चपला ठेवायला कपाट उघडलं आणि जागच्या जागी थिजलो. खालच्या कप्प्यात, माझ्या जुन्या बुटांच्या मागे, एक पेला! त्यात एक रोप. पिवळं, लांबडं, मान टाकलेलं. महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखं.

माझ्या काळजात चर्र झालं. पोरीनं लाजेनं रोप चपलांच्या कपाटात लपवलं होतं! त्या बाळराजेंच्या चवळीपुढे आपलं हे काडीपैलवान कुणाला दिसू नये म्हणून! पेल्यावर तिनं कागदाचा तुकडा चिकटवला होता आणि त्यावर लिहिलं होतं ‘ब’. बिचारीनं स्वतःच स्वतःला ‘ब’ श्रेणी देऊन टाकली होती. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साडूच्या नावानं दोन शिव्याही आल्या.

जेवण तसंच टाकून मी रोपवाटिका गाठली.

‘‘चवळीचं रोप द्या.’’

‘‘चवळीचं रोप कोण विकत घेतं साहेब?’’ तिथल्या मावशी हसल्या. ‘‘मूठभर दाणे टाका, आपोआप येतंय.’’

‘‘मग तसलंच दिसणारं काहीतरी द्या. हिरवंगार पाहिजे! आणि एवढ्याशा पेल्यात मावलं पाहिजे.’’

त्यांनी काय दिलं ते मी विचारलंही नाही. पान हिरवं, देठ हिरवा, आणखी काय पाहिजे? घरी येऊन पिवळं रोप कचऱ्याच्या डब्यात, हिरवं रोप पेल्यात, पेला बुटांच्या मागे. कचरेवाला दारातच होता, डबाही रिकामा करून घेतला. पुरावा नाही, काही नाही. दुकानात परतताना मी चक्क शीळ घालत होतो.

संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तोच किंकाळी!

‘‘बाबा! ‘ब’ हिरवं झालं! कपाटात! अंधारात!’’

‘‘होतं बाळा,’’ मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘जिद्द असली की सगळं होतं.’’

तिनं आईचा फोन घेऊन लगेच ग्रुपवर व्हिडिओ टाकला. तो आनंदानं फुललेला चेहरा! माझी छाती शर्टात मावेना. तेवढ्यात साडूचं उत्तर आलं : ‘हे शक्य नाही. उजेडाशिवाय पान हिरवं होत नसतं. काहीतरी गफलत आहे.’

जळला! अखेर साडू जळला! मी तिथल्या तिथे टाइप केलं : ‘ज्यांना दुसऱ्याच्या मुलांचं चांगलं बघवत नाही, त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. आमच्या दुकानात सोय आहे.’

पाच मिनिटांनी बायको समोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

‘‘बाईंची सूचना वाचली होती का तुम्ही?’’

‘‘वरवर.’’

‘‘मग आता आतून ऐका. ‘दोन पेल्यांत चवळी पेरा. ‘अ’ पेला खिडकीत ठेवा, ‘ब’ पेला बंद कपाटात. अंधारातलं रोप पिवळं आणि लांबट होईल. असं का होतं, ते मुलांना शोधू द्या.’’’

माझ्या पायाखालची फरशी सरकली.

‘‘म्हणजे… ते पिवळंच असायला हवं होतं?’’

‘‘हो!’’

‘‘आणि ‘अ’ कुठंय?’’

‘‘स्वयंपाकघराच्या खिडकीत. आठवडाभर तिथंच आहे. तुम्ही रोज त्याच्या शेजारी उभं राहून पाणी पिता!’’

मी पाहून आलो. होतं. छान, हिरवं, टवटवीत! साडूच्या चवळीपेक्षा बोटभर उंच!

‘‘आता खरं सांगा, काय केलंत?’’ बायकोनं विचारलं.

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? खरं बोलावं, तर आख्ख्या ग्रुपसमोर साडू बरोबर ठरणार! त्यापेक्षा विज्ञान चुकीचं ठरलेलं परवडलं.

‘‘मी? मी काय करणार? निसर्ग आहे बाई!’’ असं म्हणून मी आंघोळीला गेलो. दिवसातली दुसरी आंघोळ.

पण माझा साडू असा तसा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो हजर! बाळराजे, हातात पेला, पेल्यावर भलाथोरला ‘ब’, आणि त्यात हिरवंगार रोप. ‘आमच्याकडेही तोच चमत्कार! शिवाय पानं मोठी आहेत.’

चोराची पावलं चोराला ठाऊक! कालपर्यंत ‘शक्य नाही’ म्हणणारा माणूस एका रात्रीत चमत्कारावर आला, म्हणजे कुठून आला हे मला कळत नव्हतं का? पण बोलणार कसा? मग लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला बरं एवढं माहीत! मी दात ओठ खाऊन त्याला एक अंगठा दिला.

त्यानंतर साथच पसरली. आख्ख्या वर्गाची कपाटं हिरवी झाली. एकाच्या रोपाला तर अंधारात कळी आली! शेवटी बाईंनी लिहिलं : ‘इतक्या वर्षांत असा वर्ग मी पाहिला नाही. शनिवारी सर्वांनी आपापला ‘ब’ पेला घेऊन यावा. पालकांनीही यावं. शोध सर्वांत आधी जिला लागला, ती मुलगी पहिली बोलेल.’

ती मुलगी म्हणजे आमची!

शहाण्या माणसानं इथं गुडघे टेकले असते. मी काय केलं? ‘शिवाय पानं मोठी आहेत’ हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून शनिवारसाठी आणखी मोठ्या पानांचं रोप आणायला पुन्हा रोपवाटिकेत गेलो. आणि तिथं रोपांच्या रांगेत, दोन कुंड्या काखेत मारून, कोण उभं असावं?

‘‘अरे वा, साडूभाऊ!’’ तो दचकून म्हणाला. ‘‘मी आपलं… घरी हिच्यासाठी काहीतरी शोभेचं…’’

‘‘मीसुद्धा! अगदी शोभेचंच!’’

तेवढ्यात मावशी आल्या. ‘‘या साहेब! मिरचीवाले आणि वांगीवाले एकदमच आलात की!’’

‘‘मिरची?’’ मी.

‘‘वांगं?’’ साडू.

‘‘तुम्ही मिरचीचं नेलंत, यांनी वांग्याचं. या आठवड्यात काय झालंय कुणास ठाऊक, बघावं तो बाप एवढंसं रोप मागतोय आणि पेला घेऊन येतोय!’’

साडू जवळ सरकला. ‘‘हे बघा, आपण नात्यातली माणसं. तुम्ही गप्प, मी गप्प.’’

‘‘गप्प राहून काय उपयोग? शनिवारी माझी पोरगी वर्गापुढं उभी राहून मिरचीला चवळी म्हणणार!’’

‘‘माझा नंतर बोलणार आहे,’’ साडू सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. ‘‘तुमची आधी.’’

त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका आयुष्यात कधी वाटला नव्हता.

घरी आलो. शंकासुर स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही पेले शेजारी ठेवून बसली होती. मी खाकरलो. साडू बरोबर ठरला तर ठरला, म्हटलं, पोरीचं हसं व्हायला नको.

‘‘बाळा, ते रोप आहे ना… ते मी बदललं.’’

ती हसेल, ओरडेल, आईला हाक मारेल, अशी मी तयारी ठेवली होती. तिनं ‘ब’ पेला माझ्यापुढे सरकवला.

‘‘‘अ’ची पानं तीन-तीन येतात,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘ह्याची एकेकटी. मला परवाच दिसलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी दाणेच चुकीचे पेरले.’’

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या माझ्या पोरीनं दोन दिवस स्वतःवर शंका घेतली होती, पण बापावर नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘माझं पिवळं कुठंय?’’

‘‘टाकलं.’’

‘‘बाबा, ते बरोबर आलं होतं!’’ आणि आता मात्र तिचा बांध फुटला. ‘‘ते माझं बरोबर आलेलं होतं!’’

मी तिला जवळ घ्यायला गेलो, तर तिनं ‘अ’ पेला उचलून माझ्यापासून लांब ठेवला. बरोबरच आहे म्हणा.

शनिवारी वर्ग खच्चून भरला होता. मुलं बाकांवर, पालक भिंतीला टेकून. साडू गळ्यात कॅमेरा अडकवून पुढच्या रांगेत. आमची पुढं गेली, दोन्ही पेले टेबलावर ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘अंधारात चवळीचं काय होतं, ते मला पूर्ण बघता आलं नाही. हे ‘ब’ चवळीचं नाही, मिरचीचं आहे. माझं रोप पिवळं पडलं होतं, आणि ते माझ्या बाबांनी बदललं.’’

सगळे माझ्याकडे वळले. मी मागे वळून भिंतीवरचा जगाचा नकाशा अत्यंत बारकाईनं पाहू लागलो.

बाईंनी चष्मा वर सरकवला. (माझ्याच दुकानातला. नंबर नको इतका अचूक!) ‘‘अजून कुणाकुणाचं रोप घरच्यांनी बदललं?’’

एक हात वर गेला. मग दुसरा. मग बाक वाजवत सगळा वर्गच! बाळराजेंनी तर दोन्ही हात वर केले. ‘‘आमचं दोनदा बदललं, बाई! पहिलं बाबांना फोटोत आवडलं नाही!’’

साडू कॅमेऱ्याच्या मागं तोंड लपवायला गेला, पण कॅमेरा लहान आणि तोंड मोठं. मी तुम्हाला सांगतो, सकाळपासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘मुलांचा उपक्रम संपला. पुढचा उपक्रम पालकांचा. दोन पेले, ‘अ’ आणि ‘ब’. आपल्या हातानं पेरायचं, आणि रोज तपासायला तुमचं मूल येईल.’’

तेव्हापासून माझा ‘अ’ दुकानाच्या खिडकीत आहे आणि ‘ब’ काउंटरच्या खणात. शंकासुर रोज शाळेतून सुटली की येते, खण उघडते, माझ्याकडे एकदा रोखून बघते, पानं मोजते आणि काही न बोलता जाते. काल पहिल्यांदा म्हणाली, ‘‘बाबा, पिवळं पडायला लागलंय. छान येतंय.’’ खरं सांगतो, एवढी शाबासकी मला आजवर कुणी दिली नव्हती. मी ग्राहकाला उलटा चष्मा घातला.

आणि तेवढ्यात साडूचा फोटो आला. त्याचं ‘ब’. असं पिवळं, असं फिकट, असं लांबडं, की बघत राहावं! येणारच हो! त्याच्या स्टुडिओत जुन्या काळची फोटो धुवायची अंधारखोली आहे. माझ्या दुकानात चारी बाजूंनी काचा नि दिवे. मी कुठून आणू तसला अंधार?

‘‘बाबा, ही स्पर्धा नाहीये,’’ शंकासुर म्हणाली.

‘‘नाहीच मुळी!’’ मी म्हणालो.

ती गेल्यावर मी खणाच्या फटींवर काळी पट्टी चिकटवली. नंतर वाटलं, उजेडाचं काही सांगता येत नाही, म्हणून वर आणखी एक चिकटवली.