दर्याची जागा

सरपंचांनी किनाऱ्यावर हौसेनं नवा संडास बांधला, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या भिंतीवर गेरूची अक्षरं उमटली : 'दर्याची जागा'. अक्षर नाना मोजणीदारांचं, हे ओळखायला पंचनामा करावा लागला नाही.

मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मालवणजवळच्या त्या गावात मी नवा तलाठी, आणि नाना माझे शेजारी. मोजणी खात्यातून ते निवृत्त झाले होते, पण मोजणी काही सुटली नव्हती. दर अमावास्या-पौर्णिमेला भरती कुठवर चढली ते बघून खुंट्या ठोकायचे. त्यांनी किनाऱ्याचे तीन भाग पाडले होते : खालचा दर्याचा, मधला होड्या-जाळ्यांचा, वरचा माणसांचा. घर बांधायचं ते वरच. "दर्यो सातबारो वाचून येणा नाय," असं मला सुनवायचे.

किनाऱ्यावरची बांधकामं थांबवा, असे त्यांचे अर्ज मी नेमानं मामलेदारांकडे पाठवायचो. तितक्याच नेमानं ते परत यायचे. अर्ज द्यायला आले की चहा संपला तरी नाना उठायचे नाहीत. तोच अर्ज पुन्हा वाचून दाखवायचे. घरी कोण होतं? बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा बोटीवर खलाशी.

त्या वर्षी मासे विकणाऱ्या येसूनं मधल्या पट्टीत झोपडीचे खांब पुरले. नवरा वारलेला, पदरात तीन पोरं. नानांनी खांबांनाही गेरू फासला. येसू चावडीवर आली, तेव्हा नाना तिथंच होते. ती भांडली नाही.

"नानानू, ती जागा दर्याची, मान्य. मगे माजी खंयची, ती दाखवा."

नानांनी टोपी घातली. मग उठून गेले.

दोन दिवसांनी ते मला आपल्या परसात घेऊन गेले. घरामागची चढावरची दोन गुंठे जागा त्यांनी माझ्यादेखत साखळीनं मोजली आणि येसूच्या नावे बक्षीसपत्र करायचं म्हणाले. मुलाला विचारलंत का, असं मी म्हटलं, तर साखळी गुंडाळत राहिले.

पावसाआधी येसूचं घर उभं राहिलं. रीतीप्रमाणे हद्दीवर वई, म्हणजे काट्यांचं कुंपण, घालायला तिनं काटे तोडून आणले. ते पाहून नाना माझ्याकडे आले. टोपी हातात फिरवत म्हणाले,

"भाऊनू, तिका सांगा, वई घालू नको. पोरांचो आवाज येता. बरा वाटता."

मी निरोप दिला. येसूनं ते काटे चुलीत घातले.