सुभेदारकाकांचा डिझेलचा प्रश्न

सोसायटीत पाण्याचा टँकर शिरला की नळी आधी कुणाच्या टाकीत, यावरून बाकीचे लोक भांडतात. सुभेदारकाका मात्र टँकरभोवती एक चक्कर मारतात, टायरवर टाच आपटतात आणि मला विचारतात, "ताई, एका ड्रॅगनला रोज किती पाणी लागत आसंल?"

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं, तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने मी विचारून बसले, "कुठल्या फ्लॅटमध्ये पाळलाय?"

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत काका बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. सैन्यातून निवृत्त झालेले. बंदूक चालवणाऱ्यांत ते नव्हते, बंदुकीला पोसणाऱ्यांत होते. पीठ, रॉकेल, डिझेल, तंबू, लोकरीचे मोजे, जे जे सीमेवर लागतं ते पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मुलगा पुण्याला असतो. दिवाळीत त्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, रिमोटचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि एक जपानी मालिका सुरू झाली. ती अजून बंद झालेली नाही.

गोष्ट अशी की, भर शहरात एक दरवाजा उगवतो. पलीकडे वेगळीच दुनिया आहे. तिथे ड्रॅगन, जादूगार, टोकदार कानांच्या पोरी आणि तलवारी उपसलेले राजे. दरवाज्याच्या अलीकडची, आजच्या काळातली फौज रणगाडे आणि हेलिकॉप्टरं घेऊन त्या दुनियेत शिरते. मी एक भाग पाहिला, मला बरा वाटला. काकांना मात्र एकही भाग पसंत नाही आणि ते एकही चुकवत नाहीत.

"कार्टून नका म्हणू ताई, ॲनिमे म्हणायचं. पण ह्यांचा रसदवाला कोण हाय, ते एकदा दाखवा म्हणावं! गोळ्या लई झाडतेत. रणगाडा काय कडब्यावर चालतो? त्या दुनियेत पंप हाय का? नाय. मग डिझेल आलं कुठून?"

"जादूने आलं असेल."

"जादूनं आलं तर पावतीवर सही कुणाची?"

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. पावतीशिवाय माल आत घेणं हा माझ्या दृष्टीनेही गुन्हाच. मी मान डोलावली आणि तेव्हापासून सुटका नाही. भाजीच्या गाडीशी, स्कूटर काढताना, कचऱ्याची गाडी आली असताना काका गाठतात. त्या दरवाजावर तर त्यांचा खास राग आहे.

"आख्ख्या फौजेला एकच दरवाजा? आपल्या गावात जुन्या वेशीच्या दरवाज्यात रिक्षा अन् टेम्पो समोरासमोर आले की अर्धं शहर तुंबतं. तिथं रणगाड्यापुढं ड्रॅगन आला, तर रिवर्स कोण घेणार?"

हा माणूस बसत नाही. मालिकासुद्धा चालत चालत बघतो. संध्याकाळ झाली की माझ्या छताला पाय फुटतात. लढाई असेल तर पंखा हलतो. मालिकेखाली धावणारी इंग्रजी अक्षरं काका मोठ्याने मराठीत सांगतात, तेही मला ऐकू येतं. "आता गाडी फसली. आता ढकलायलेत. निघाली बघ, निघाली!"

भाग संपला की खरी मोहीम सुरू होते. काका लष्करी बूट चढवतात, काळी पत्र्याची ट्रंक उचलतात, जिन्याच्या कठड्याला ती आपटत आपटत खाली पार्किंगपर्यंत जातात, क्षणभर उभे राहतात, पुन्हा वर चढतात आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवतात. रोज. गुडघा दुखत असतानाही. तळमजल्यावरच्यांनी कठड्याचा रंग उडतो अशी तक्रार केली, म्हणून मी विचारलं.

"कवायत हाय," ते म्हणाले.

"ट्रंकेसकट?"

"ट्रंकेबिगर कवायत व्हती का?"

त्यांच्या पत्नी सुमनकाकू पूर्वी खाली बाकावर येऊन बसायच्या. हल्ली दिसत नाहीत. विचारलं तर काका "तब्येत नरम हाय" म्हणतात आणि थेट ड्रॅगनवर येतात.

मागच्या आठवड्यात टँकर आला, पण काकांनी टायरला टाच मारली नाही. "ताई, भाग संपत आले. पुढचे कधी येतेत, मोबाइलवर बघा की."

मी बघितलं. पुढचे काही दिसेनात.

"मग शेवटी तो दरवाजा बंद व्हतो का, तेवढं बघा."

"आत्ताच सांगितलं तर मजा जाईल, काका."

"मजा मरू द्या. बंद व्हतो का?"

मला नक्की सापडेना. ते टँकरच्या दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा आले. "ऱ्हाऊ द्या. शेवटचा भाग लावायचाच नाय. पुन्हा पयल्यापासून लावतो."

परवा संध्याकाळी भाग संपल्याचं संगीत वाजून गेलं, तरी जिन्यात बूट वाजले नाहीत. मी थोडं थांबले, मग वर गेले आणि बेल वाजवली.

दार काकूंनी लगेच उघडलं, जणू कडीवर हात ठेवूनच उभ्या होत्या. धुवट साडी, नीट विंचरलेले केस. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कॅम्पातून आलात का, बाई? ह्यांचं काही कळलं?" त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "त्या दरवाज्यातून समदी परत आली. हेच तेवढे नाय आले."

त्यांच्या मागे 'हे' भिंतीला धरून उभे होते. एका पायात बूट, दुसरा गुडघा टम्म सुजलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीवरच्या दुसऱ्या बुटाकडे पाहिलं.

"लगीन झाल्यापासून ह्येच चाललंय," काकू म्हणाल्या. "हर्सूलच्या जुन्या घरी बी मी अशीच दारात बसायचे. कामून उशीर झाला आसंल हो?"

"रस्त्यात आहेत, काकू," मी म्हणाले. "डिझेलपायी गाडी अडली होती. आता मिळालंय. चला, येईपर्यंत चहा टाकू."

काकूंना पुढे घालताना मी दाराशी ठेवलेली ट्रंक पायानेच दाराबाहेर सरकवली. स्वयंपाकघरात गेल्यावर पातेलं, झाकण, डबे, जे हाताला लागलं ते जोरात वाजवलं. बाहेर बूट ओढल्याचा आवाज आला, मग फरशीवर पाय घासत गेल्याचा. मग दार लागलं.

बेल वाजली.

काकू मला बाजूला सारून गेल्या. दारात सुभेदारकाका उभे होते. अंगात घरातलंच बनियन, डोक्यावर फौजी टोपी, हातात ट्रंक, सगळा भार एका पायावर.

"लई उशीर केला," काकू म्हणाल्या.

"डिझेल नव्हतं."

"दर टायमाला त्येच सांगता." त्यांनी ट्रंक काढून घेतली आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा आता. उभे कामून?"

सुभेदारकाका बसले.