केसपेपरवरचा लाल शेरा

मला हर्निया असल्याचे निश्चित झाले, तेव्हा मी सर्वप्रथम बेंगळुरातल्या साईराजला फोन केला. साईराज माझ्या पत्नीचा मामेभाऊ. तो एका मंत्र्यांच्या कार्यालयात असतो. तिथे नेमके काय करतो हे आम्ही कधी विचारले नाही. म्हणूनच त्याचा दबदबा टिकून आहे. मी शिक्षण खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि टिळकवाडीत राहतो. अशा माणसाने रांगेत उभे राहून दाखल होणे मला प्रशस्त वाटले नाही.

फोनचा परिणाम तत्काळ झाला. रुग्णालयात माझ्या केसपेपरवर लाल शाईने ‘विशेष’ असा शेरा पडला. मंजुश्रीने, म्हणजे पत्नीने, त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

शेजारच्या खाटेवर वडगावचा भरमा होता. साड्या विणणारा, पन्नाशीचा, दुखणे माझेच. त्याच्या केसपेपरवर कसलाच शेरा नव्हता. मला त्याची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ऑपरेशन झाले. माझे झाले नाही.

“तुम्ही विशेष आहात,” ड्युटीवरच्या डॉक्टर माधवी म्हणाल्या. “तुम्हाला मोठे सरच हात लावणार. ते परिषदेसाठी म्हैसूरला गेलेत. कधीही येतील, तोवर काही खाऊ नका.”

संध्याकाळपर्यंत सर आले नाहीत, तेव्हा मला जेवण देण्याचे ठरले. परंतु विशेष रुग्णाचा आहार आहारतज्ज्ञांनीच ठरवायचा असतो आणि त्या पाचला घरी जातात. सलाइन लावायचे, तर विशेष रुग्णाला सुई मुख्य सिस्टरच टोचतात. त्या रजेवर होत्या.

तिसऱ्या दिवशी भरमा चालू लागला आणि इडली खाऊ लागला.

“सायेब, तुमचं अजून न्हाय व्हय?” त्याने विचारले. आता कीव त्याला येत होती.

मी साईराजला पुन्हा फोन केला. “मला साधा रुग्ण करून घेता येईल का रे?”

“दाजी, तुम्ही काळजीच करू नका. आणखी वरून सांगतो.”

तासाभरात शेऱ्यात दुरुस्ती झाली: ‘अतिविशेष’. त्यानंतर माझी नाडी बघायलाही कोणी धजेना.

चौथ्या दिवशी दुपारी पोटात कळ उठली. गाठ दगडासारखी झाली, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर माधवी धावत आल्या.

“आतडं अडकलंय. आत्ता घेतलं नाही तर सडेल,” त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर केसपेपरवर गेली. हात थांबला. त्यांनी सरांना चार वेळा फोन लावला. सर व्यासपीठावर होते.

मंजुश्री रडू लागली. मला प्रथमच मरणाची भीती वाटली.

तेवढ्यात भरमा पोट धरून उठला. “डॉक्टरबाई, कागद चुकलाय बगा. ह्यो आमच्या वडगावचा. ह्येला कोण बी वळखत न्हाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “खरं का?”

बत्तीस वर्षे मी प्रत्येक खिडकीशी मी कोण ते सांगत आलो होतो.

“खरं आहे,” मी म्हणालो. “मला कोणी ओळखत नाही.”

“अहो, पण साईराज–” मंजुश्री म्हणाली. मी तिला हात जोडले.

डॉक्टरांनी केसपेपर घडी करून खिशात घातला आणि नवा घेतला. नाव, वय, बस्स. वीस मिनिटांत मी टेबलावर होतो. डॉक्टर माधवींनीच ऑपरेशन केले. आतडे वाचले, मीही वाचलो.

शुद्धीवर आलो तेव्हा भरमा घरी गेला होता. त्याचा नंबर मी घेतलाच नव्हता. असल्या माणसाचा नंबर कशाला लागणार, असे वाटले होते.

गेल्या आठवड्यात शेजारचे मारुतीराव मुतखड्यासाठी दाखल होणार होते. त्यांना मी ही सगळी हकीकत, तुम्हाला सांगितली तश्शीच, सांगितली. त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, “फार सोसलंत हो. बरं, त्या साईराजचा नंबर द्या.”

मी दिला.

तुम्ही मात्र तो इथे शोधू नका. मी छापलेला नाही.