मेणबत्ती कारखान्यातील बाकाच्या मोहिमेची हकीकत

चर्चच्या मागील मेणबत्ती कारखान्यात बायकांनी बसावयाची जागा कैसी मिळविली, ते वर्तमान साद्यंत विदित व्हावे म्हणोन लिहितो. आमच्या पदरचा मीठमसाला यात नाही, असला तर थोडकाच.

कारखान्यात चार बायका दिवसभर उभ्याने वाती मेणात बुडवीत आणि टांगीत, आणि खुर्ची एकच, ती मुकादमसाहेबांची, खास घरून आणिलेली. बायकांत थोरली ती मावशी, तीस वर्षांची चाकरी, पाय सुजोन चपलेत मावेनात. बसावयास न मिळे तर काम सोडणे प्राप्त. मग बायका मुकादमांकडे अर्ज घेऊन गेल्या आणि फर्मान निघाले की, खुर्ची आमची खासगी मालमत्ता, आणि बसोन मेणबत्ती सरळ होत नाही.

मग फादरसाहेबांकडे फिर्याद गेली. ते रविवारीच वदले होते की, खासगी मालमत्ता हा मनुष्याचा हक्क खरा, परंतु तिचा उपयोग सर्वांच्या भल्याकरिता. काम माणसासाठी, माणूस कामासाठी नव्हे. आणि बदल करावा तो दांडगाई न करिता. त्यांनी मुकादमांस समजाविले, मुकादमांनी मान डोलाविली, आणि दुसरे दिवशी जेवावयास जाताना खुर्चीस साखळी बांधोन कुलूप घातले. हे पाहोन आम्हां तटस्थ लेखकाचेही पित्त खवळले.

मग बायकांतल्या धाकटीने मसलत दिली, "खुर्चीला हात लावायचा नाही हं कुणी. बाराच्या घंटेला आपण प्रार्थनेला गुडघे टेकतोच ना? उठायचंच नाही!"

बाराची घंटा जाहली. रोजची प्रार्थना दोन मिनिटांची, ती आटोपताच मावशीने जपमाळ काढिली, आणि पन्नास वेळा 'नमो मरिये' जाहले, मग संतांची नामावळी, मग मुकादमसाहेबांच्या सासूबाईंच्या प्रकृतीकरिता खास विनंती. मुकादम मोठे भाविक. प्रार्थना तोडणे पाप, आणि बायका गुडघ्यांवर असता आपण खुर्चीत बसणे त्याहून मोठे. सबब तेही फरशीवर, आणि गुडघे संधिवाताचे. मावशी मात्र वयाची सवलत घेऊन मेणाच्या गोणीवर निवांत.

ऐसे दोन दिवस चालले. तिसरे दिवशी दुसरी माळ सुरू होताच मुकादमसाहेब कळवळले, "मावशी, आमेन म्हणा हो आता! उद्या बाक आणतो."

"आज," मावशी म्हणाली, आणि पुढचा मणी ओढला.

मग तह जाहला, तो ऐसा की, खुर्ची मुकादमांची ती मुकादमांकडेच राहावी, आणि बायकांस लांब बाक मिळावा. चार वाजावयाच्या आत बाक आला. मावशी बसली, पाय लांब केले, डोळे मिटले आणि मान खाली घातली. मुकादमसाहेबांस वाटले, पुन्हा प्रार्थना. ते बिचारे कण्हत कण्हत गुडघे टेकते जाहले. मावशीस झोप लागली आहे, हे त्यांस कोणीही सांगितले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मेणबत्ती एकही मोडली नाही, आणि मावशी जागी होईतो मुकादमसाहेब गुडघ्यांवरच राहिले.